राजेळीच्या खुंटावरचा आकडा

उर्सुला लोपीसचा राग अख्ख्या गिरीज गावाला ठाऊक होता. रागाचं कारण मात्र कोणी कधी विचारलं नव्हतं. वसईच्या बाजारात केळी चाचपून परत टाकणाऱ्या गिऱ्हाइकावर ती ओरडे, पाटाचं पाणी भलतीकडे सोडणाऱ्या गड्यावर ओरडे, आणि "उर्सुलाबाय, एवढा हिशेब तोंडी कसा जमतो गं तुला?" असं कौतुकानं विचारणाऱ्यावर तर सगळ्यात जास्त खेकसे. "तोंडी नाय तर काय पायानं करू?" लोक हसत. सातवी शिकलेली, लग्न न केलेली, चोपन्न वर्षांची बाई चिडकी असायचीच, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं. गावाला असलं काही ठरवायला पुरावा लागत नाही.

पण पुरावा होता, आणि तो भर रस्त्यावर, वाचनालयाच्या भिंतीवर टांगलेला होता. गावातल्या गुणवंतांचा तो काळा फळा. त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलं होतं : १९६६, आल्बर्ट लोपीस, गणितात विशेष प्रावीण्य. आल्बर्ट म्हणजे उर्सुलाचा पाठचा भाऊ, तिच्याहून दोन वर्षांनी लहान. डोक्यावर टोपली घेऊन ती रोज त्या फळ्यासमोरून जाई आणि रोज तिचं टाळकं फिरे. पस्तीस वर्षं. एखाद्या माणसाचं डोकं पस्तीस वर्षं रोज एकाच जागी तापलं तर ते उतू जाईल नाही तर काय होईल?

झालं होतं ते असं. १९६० साली उर्सुला सातवी झाली. गणितात शाळेत पहिली. त्याच वर्षी आईनं अंथरूण धरलं आणि केळीच्या वाडीला हात कमी पडायला लागले. दोन पोरांपैकी एकाला घरी ठेवायचं होतं. बापानं यावर एक रात्रसुद्धा झोप घालवली नाही. उर्सुलाच्या हातात कोयता आला आणि आल्बर्टच्या पाठीवर दप्तर राहिलं. आता हा आल्बर्ट स्वभावानं गरीब, अक्षर सुंदर, पण गणित म्हटलं की तो पळ काढायचा. मग संध्याकाळी तो वही घेऊन वाडीत येई. उर्सुला केळींना पाणी दाखवत असे. कागद ओले होतील म्हणून ती दाभणाच्या टोकानं केळीच्या खुंटावर गणित सोडवी. केळीचा चीक वारा लागला की काळा पडतो, त्यामुळे पाट एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जाईपर्यंत आकडे ठळक उमटलेले असत. आल्बर्ट खुंटासमोर उकिडवा बसून ते सुंदर अक्षरात वहीत उतरवी. सहा वर्षं हे असं चाललं. सहा वर्षांनी फळ्यावर त्याचं नाव चढलं.

पुढे आल्बर्ट मुंबईत बँकेत लागला. बाप गेल्यावर वाडी त्याच्या नावावर झाली. उर्सुला त्या वाडीत राबत राहिली, त्याच्याच घरात मागच्या खोलीत राहिली, आणि ओरडत राहिली. आल्बर्टनं तिला कधी उलट शब्द केला नाही, पण त्या खुंटांचा विषयही चाळीस वर्षांत एकदाही काढला नाही. त्याच्या या शांतपणाचीच तिला सगळ्यात जास्त चीड होती.

दोन हजार सालच्या नाताळात व्हिन्सेंट मास्तरांनी एक उद्योग केला. मास्तर हायस्कूलात गणित शिकवून निवृत्त झालेले, आता वाचनालय सांभाळत. जानेवारीत चर्चचा सण होता. त्यानिमित्तानं त्यांनी वाचनालयाबाहेर खडूनं एक कोडं लिहिलं. एक ते नऊ हे अंक, प्रत्येक एकदाच वापरून, नऊ आकडी संख्या लिहा. तिच्या पहिल्या दोन अंकांना दोननं भाग गेला पाहिजे, पहिल्या तीनांना तीननं, पहिल्या चारांना चारनं, असं करत करत सगळ्या संख्येला नऊनं. बाकी कुठंही उरता कामा नये. खाली लिहिलं होतं : 'अशा एकाहून अधिक संख्या असू शकतील. जो कोणी शोधील त्याचं नाव गुणवंतांच्या फळ्यावर लिहिलं जाईल.'

उर्सुलानं टोपली खाली ठेवली आणि ते दोनदा वाचलं. मग तिची नजर खडूच्या फळ्यावरून वर, ऑइलपेंटच्या फळ्याकडे गेली. आल्बर्टच्या नावाखाली हातभर जागा मोकळी होती. तिला ती जागा हवी होती. बक्षीस नको, हार नको, फोटो नको. नाव हवं होतं, आणि ते सगळ्यांसमोर वाचलेलं हवं होतं.

त्या दिवसापासून तिनं ओरडणं कमी केलं. गडी घाबरले. बाय आजारी आहे की काय असं एकमेकांना विचारायला लागले.

ती मनात अंक लावत होती. नऊ अंक मांडायच्या तऱ्हा तीन लाख बासष्ट हजार आठशे ऐंशी. हेही तिनं दुधी खुडता खुडता काढलं. एवढ्या कोण तपासणार? पण तपासायचं नव्हतंच, मारायचं होतं. पाचनं भाग जायचा तर शेवटी पाच किंवा शून्य हवं. शून्य खेळात नाही, म्हणजे बरोबर मधे पाच. दुसरी, चौथी, सहावी आणि आठवी जागा सम अंकांची, आणि सम अंकही चारच. तेव्हा विषम अंकांनी उरलेल्या जागांवर बसावं. चारचा नियम म्हणाला, चौथ्या जागी दोन किंवा सहा. तीनचा नियम म्हणाला, मग मधले तीन अंक २५८ तरी किंवा ६५४ तरी. आठच्या नियमानं आणखी सफाई केली. पंधरा दिवसांनी त्या साडेतीन लाखांतून तिच्या हातात फक्त दहा उरले.

आता सातची पाळी. दोन, तीन, चार, पाच, आठ, नऊ, सगळ्यांना काही ना काही खूण असते. शेवटचे अंक बघा, बेरीज करा. सात मात्र आडमुठा. त्याला भागूनच बघावं लागतं. वाडीच्या पूर्वेच्या रांगेत राजेळी केळीची दहा झाडं होती, लोंगर, म्हणजे घड, काढून झालेली. एरवी तिनं ती तोडून बुडाशी फुटलेल्या पिल्लांना जागा केली असती. पण तिनं दाभण काढलं, एकेका खुंटावर एकेक आकडा लिहिला आणि भागायला बसली. १४७२५८९, बाकी सहा. फुली. ९८७६५४३, बाकी पाच. फुली. हा आकडा दिसायला इतका देखणा होता की फुली मारताना तिला क्षणभर वाईट वाटलं. ७८९६५४३, बाकी चार. प्रत्येक भागाकार तिनं तीनदा केला, कारण एक आकडा चुकला असता तर सगळी मेहनत पाण्यात. नऊ खुंटांवर नऊ फुल्या पडल्या. दहाव्यावर ३८१६५४७ होता. सातनं भागला, पाच लाख पंचेचाळीस हजार दोनशे एकवीस. बाकी शून्य.

ती तिथंच चिखलात बसली. मग उठून तिनं पुढचे दोन अंक जोडले. ३८१६५४७२९. अडतीस कोटी सोळा लाख चौपन्न हजार सातशे एकोणतीस. खाली लिहिलं, 'दुसरा नाय.' आणि त्याखाली, लहानपणी त्या खुंटांवर जे कधीच लिहिलं नव्हतं ते लिहिलं. आपलं नाव.

उत्तराची पेटी वाचनालयात होती आणि वाचनालय उघडायचं तेव्हा उर्सुला बाजारात असे. म्हणून तिनं चिठ्ठीवर आकडा लिहिला, खाली 'उर्सुला लोपीस' लिहिलं आणि पेटीत टाकायला चिठ्ठी शेल्डनकडे दिली. शेल्डन आल्बर्टचा मुलगा, सव्वीस वर्षांचा, अंधेरीला कॉम्प्युटर कंपनीत इंजिनिअर. पोरगा चांगला होता, फक्त कोणापुढे तोंड उघडायची त्याला भीती. बापावर गेला होता.

सणाच्या आदल्या दिवशी ती बाजारातून आली आणि पाहते तर पूर्वेच्या रांगेत दहा बुडखे, वरून चीक गळतोय.

"कोणी तोडली? कोणी तोडली माझी झाडं?" तिचा आवाज शेजारच्या तीन वाड्यांपर्यंत गेला.

आल्बर्ट ओटीवर चहा पीत होता. "मांडवाला पाहिजे होती, बाय. पोरं आली होती. मीच दाखवली. लोंगर काढलेली झाडं, उभी ठेवून काय उपयोग?"

"मला विचारलंस?"

आल्बर्टनं कपाकडे बघितलं. वाडी त्याच्या नावावर होती. तो ते बोलला नाही, त्याला बोलायची गरजही नव्हती.

उर्सुलानं दात आवळले. जाऊ दे, म्हणाली मनाशी. चिठ्ठी पेटीत आहे. उद्या नाव वाचतील.

चर्चमधला सणाचा मिस्सा दहाला संपला आणि शाळेच्या मैदानात मंडळी मांडवात बसली. मांडवाच्या दोन्ही अंगांना पाच-पाच खांब, प्रत्येक खांबाला एक केळ बांधलेली, त्यांवर गुलाबी आणि पिवळ्या क्रेप कागदाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. पोरांनी घाईत दोन झाडं चक्क उलटी बांधली होती. उर्सुला ठेवणीतलं लाल लुगडं नेसून तिसऱ्या रांगेत बसली होती. पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती. शेजारच्या हेलननं विचारलंसुद्धा, "बरं नाय का गं?"

व्हिन्सेंट मास्तर माइकपुढे आले. मास्तरांना भाषणाची हौस. "कोड्याला तेवीस उत्तरं आली," ते म्हणाले. "बावीस चूक, एक बरोबर. ती चिठ्ठी पेटीत टाकली भाच्यानं, माझ्या डोळ्यांसमोर, आणि तिच्यावर नाव कोणाचं होतं? आत्याचं! आजकालच्या पोरांत एवढा विनय कुठं बघायला मिळतो? एवढा मोठा इंजिनिअर, कॉम्प्युटरवर उत्तर काढलं, आणि श्रेय दिलं कोणाला, तर वाडीत राबणाऱ्या आपल्या आत्याला! पण मास्तरच्या नजरेतून काही सुटत नाही. ये, शेल्डन लोपीस, वर ये!"

टाळ्या झाल्या. कोणीतरी शेल्डनला ढकलतच वर नेलं. त्याच्या गळ्यात हार पडला. तो माइककडे वाकून पुटपुटला, "सर, ते खरंच आतेनं केलंय."

"पाहा!" मास्तर आनंदानं ओरडले. "अजूनही आत्याचंच नाव!"

लोक कौतुकानं हसले. आणखी टाळ्या. उर्सुलानं वळून पाहिलं. पहिल्या रांगेत आल्बर्ट टाळ्या वाजवत होता. खाली मान घालून, पण वाजवत होता.

ती उठली. खुर्ची मागं कलंडली, ती तिनं उचलली नाही.

"मास्तर, थांबा!"

तिला माइकची गरज नव्हतीच. बाजारात कमावलेला आवाज होता तो. स्टेजवर बसलेल्या फादरनी हातातला सरबताचा ग्लास खाली ठेवला.

"कॉम्प्युटरवर केलंय म्हणता? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"अगं उर्सुला," मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले, "रागावू नको. मी खात्री करून घेतली होती. रस्त्यात आल्बर्ट भेटला. त्याला म्हटलं, हे तुझ्या शेल्डनचंच काम ना? तर तो हसला, म्हणाला, मास्तर, तुम्ही काय ते समजा."

तुम्ही काय ते समजा! खोटं बोलला असता तरी परवडलं असतं. निदान एक पाप तरी अंगावर घेतलं असतं. यानं तेही मास्तरांच्याच अंगावर ढकललं आणि स्वतः हसून घरी आला, तिच्या हातची आमटी जेवला. उर्सुला सरळ पहिल्या खांबाकडे गेली आणि क्रेप कागद टराटरा फाडला. मग दुसऱ्या खांबाचा. मग तिसऱ्याचा. "अगं, सजावट!" कोणीतरी ओरडलं. तिनं ऐकलं नाही. दहाही खुंट उघडे करून ती थांबली तेव्हा तिच्या मुठींत गुलाबी रंग उतरला होता.

हिरवट खुंटांवर काळे आकडे उभे होते.

मास्तरांनी चष्मा लावला. हळूहळू स्टेजवरून उतरले आणि पहिल्या खुंटाजवळ गेले. मग दुसऱ्या. उलट्या बांधलेल्या खुंटांपाशी त्यांनी मान वाकडी करून वाचलं. बोटानं हवेत भागाकार करत, ओठ हलवत ते पुढे सरकत होते, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचं भाषण पार उतरलं.

"दहाच का?" त्यांनी विचारलं. आता ते परीक्षा घेत नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कारण बाकीचे आधीच मेले. मधे पाचच बसतो. समांच्या जागी सम. मधले तीन दोनच तऱ्हांचे. आठनं आणि तीननं बाकीचे मारले, दहा उरले. सातनं नऊ मारले."

"म्हणजे एकच? मी तर फळ्यावर लिहिलं होतं की आणखी…"

"चूक लिहिलं होतं. दुसरा नाय. असेल तर दाखवा."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग जरा सावरून म्हणाले, "आणि गंमत बघ, याच्यापुढं शून्य लावलं तर दहानंही भाग जातो!"

"जाणारच," उर्सुला म्हणाली. "शून्य कोणाच्याही मागं उभं राहतं. आकडा मोठा दिसतो एवढंच." बोलताना तिनं मास्तरांकडे पाहिलं नाही. पहिल्या रांगेकडे पाहिलं.

"आल्बर्ट, इकडे ये."

"बाय, घरी बोलू."

"घरी चाळीस वर्षं बोललो नाय आपण. इकडे ये."

तो उठला. मांडवातल्या तीनशे माणसांमधून चालत आला. शेल्डननं तोवर गळ्यातला हार काढला होता आणि तो कुठं ठेवावा हे न कळून हातात धरून उभा होता. उर्सुलानं भावाला दहाव्या खुंटासमोर उभं केलं.

"काल पोरांना ही झाडं दाखवलीस, तेव्हा हे दिसलं नाय तुला?"

आल्बर्टनं नजर जमिनीकडे वळवली.

"दिसलं की नाय?"

"दिसलं," तो म्हणाला.

"अक्षर ओळखलंस?"

त्यानं होकाराची मान हलवली. मग ती खालीच राहिली. इतर कोणाला त्याची दया आली असती. मांडवातल्या काहींना आलीही. "जाऊ दे गं उर्सुला, सणाचा दिवस आहे," असं हेलन मागून म्हणालीच. दया नेहमी अशाच वेळी आणि अशाच माणसांची येते. त्या सातवीतल्या पोरीची कोणाला आली होती?

"मास्तर, तो माइक आणा इकडे," उर्सुला म्हणाली. मास्तरांनी निमूटपणे वायर ओढत माइक आणला आणि आल्बर्टच्या तोंडापुढे धरला.

"वाच."

"बाय…"

"लहानपणी बसायचास ना असाच खुंटापुढं? सहा वर्षं? आज उतरवून घे असं नाय म्हणत. नुसतं वाच."

आल्बर्टनं खिशातून चष्मा काढला. डोळ्यांवर चढवला.

"तीन. आठ. एक," तो वाचायला लागला. "सहा. पाच. चार." मग शेवटचे तीन. "सात. दोन. नऊ."

"खाली."

"दुसरा नाय."

"त्याच्या खाली."

खाली नाव होतं. चीक काळा पडून प्रत्येक अक्षर स्पष्ट दिसत होतं. आल्बर्टनं डोळे मिटले, उघडले.

"उर्सुला लोपीस," तो म्हणाला. आवाज इतका खोल गेला होता की माइकमधूनही जेमतेम आला.

"मोठ्यानं वाच," उर्सुला म्हणाली. "मागच्यांना ऐकू नाय गेलं."